मालदीवचं सेवाक्षेत्र मोठं की मॉरिशसचं? आधी काय मोजायचं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी मालदीव आणि मॉरिशस या दोन बेटांच्या देशांची तुलना घेतली आहे. जागतिक बँकेच्या तक्त्यात सेवांचा जीडीपीतला वाटा मालदीवचा जास्त दिसला, म्हणून तिने लिहिलं, ‘मालदीवचं सेवाक्षेत्र मॉरिशसपेक्षा मोठं आहे.’ मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली रेघ ओढून प्रकरण परत पाठवलं. दुसरी अडचण अशी की मालदीवची पर्यटनातली कमाई जीडीपीच्या निम्म्याहून जास्त भरते, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात पर्यटनाचा वाटा जेमतेम पाव आहे. यातलं खरं कोणतं? आणि तुलनेला वर्ष कोणतं घ्यावं?

माझी सगळी नोकरी जिल्हा उत्पन्नाचे तक्ते करण्यात गेली. विदर्भातल्या तालुक्यांचे आकडे जुळवताना ज्या अडचणी येतात, त्याच दोन देशांचे जुळवताना येतात, फक्त शून्यं वाढतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेटा, तुझ्या मार्गदर्शकांनी रेघ ओढली ते बरोबरच केलं. वाटा आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ हे करोनाच्या आधीचं वर्ष घे. मॉरिशसचा जीडीपी तेव्हा चौदाशे कोटी डॉलरच्या आसपास होता, मालदीवचा साडेपाचशे ते पावणेसहाशे कोटी. सेवांचा वाटा मॉरिशसमध्ये सुमारे दोन तृतीयांश, मालदीवमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास. गुणाकार करून बघ. मॉरिशसच्या सेवा साधारण साडेनऊशे कोटी डॉलरच्या, मालदीवच्या चारशे कोटींच्या. म्हणजे वाटा थोडा कमी असूनही मॉरिशसचं सेवाक्षेत्र दुपटीहून मोठं आहे.

आता हाच आकडा माणशी काढ, चित्र पुन्हा बदलतं. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात, मालदीवची पाच लाखांच्या थोडी वर. दोन्हीकडे माणशी साडेसात हजार डॉलरच्या आसपास सेवा-उत्पादन येतं. एकाच वर्षाच्या आकड्यांतून तीन उत्तरं निघाली: वाट्याने मालदीव पुढे, आकाराने मॉरिशस पुढे, माणशी दोघं जवळजवळ बरोबरीत. तिन्ही खरी आहेत. तुझ्या वाक्यात यांतलं कोणतं म्हणायचंय ते लिहिलेलं नव्हतं, ती रेघ त्यासाठी होती.

माणशी काढताना एक काळजी घ्यावी लागते, आणि मालदीवच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे. २०२२ च्या जनगणनेत तिथली एकूण लोकसंख्या ५,१५,१३२ होती, आणि त्यातले १ लाख ३२ हजारांहून अधिक लोक परदेशी होते. बांगलादेश, भारत, श्रीलंका इथून गेलेले हे लोक बांधकामावर, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात, शाळा-दवाखान्यांत काम करतात. तक्त्यातलं उत्पादन त्यांच्या हातांनीही झालेलं असतं. काही लेखांत फक्त मालदीवच्या नागरिकांच्या संख्येने भागलेलं आढळतं. मग माणशी आकडा दहा हजारांच्या वर जातो आणि मालदीव मॉरिशसच्या पुष्कळ पुढे दिसायला लागतो. अंशात ज्यांचे हात आहेत, ती माणसं छेदातही असली पाहिजेत.

आता तुझा दुसरा प्रश्न. यावर मला जास्त वेळ द्यायचा आहे, कारण सेवाक्षेत्राचं सगळं मर्म इथेच आहे.

असंघटित उद्योगांच्या एका पाहणीत मी एका नवख्या सहकाऱ्याबरोबर तर्रीपोह्याच्या गाडीवर बसलो होतो. सकाळचे साडेसहा, हिवाळ्याचे दिवस, पातेल्यातून वाफ निघतेय, हरभऱ्याच्या तर्रीचा लाल तवंग कडेला चढतोय. गाडीवाले दादा हात न थांबवता बोलत होते. ‘दिवसाला सहा हजारांचा धंदा होतो,’ ते म्हणाले. माझ्या सहकाऱ्याने उत्पादनाच्या रकान्यात सहा हजार लिहिले, आणि ते बरोबरच होतं. मग मी एकेक विचारत गेलो. पोहे किती लागतात, हरभरे, कांदे, तेल, तिखट, गॅसचं सिलिंडर, प्लेटा, वरून टाकायचा चिवडा. सगळी बेरीज चार हजारांच्या थोडी खाली आली. म्हणजे त्या गाडीवर तयार झालेलं नवं मूल्य दोन हजारांच्या थोडं वर होतं. त्यातूनच मदतनीस पोराची मजुरी, दादांची स्वतःची मेहनत आणि नफा. यालाच आपण सकल मूल्यवर्धन म्हणतो, आणि जीडीपीत हेच जातं. उरलेले चार हजार पोहेगिरणी, तेलघाणा आणि शेतकऱ्याच्या खात्यात आधीच मोजलेले असतात. पुन्हा मोजले तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते.

आता मालदीवकडे बघ. २०१९ मध्ये १७ लाखांहून अधिक पर्यटक आले आणि त्यांच्याकडून देशाला तीनशे कोटी डॉलरहून थोडी अधिक कमाई झाली. हे गाडीवरचे सहा हजार आहेत. जीडीपीशी तुलना केली की निम्म्याहून जास्त दिसतात, पण ती तुलनाच चुकीची, कारण एका बाजूला उलाढाल आहे आणि दुसऱ्या बाजूला मूल्यवर्धन. रिसॉर्टने त्या तीनशे कोटींतून जनरेटरचं डिझेल घेतलं, समुद्राचं पाणी गोडं करण्याचा खर्च केला, भाजी, मांस, पीठ, फळं, चादरी बाहेरून आणल्या, परदेशी एजंटांचं कमिशन दिलं. त्या बेटांवर वाळू आणि समुद्र सोडला तर बहुतेक सगळं बोटीने किंवा विमानाने येतं. शिवाय कमाईतला काही भाग सी-प्लेन आणि बोटींचा, तो वाहतूक क्षेत्रात जातो, आणि काही भाग कर म्हणून सरकारकडे. हे सगळं वजा जाता ‘पर्यटन’ या ओळीत पाव उरतो. तुझे दोन्ही आकडे खरे आहेत, ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

मॉरिशसमध्येही हाच फरक आहे, आकार लहान. २०१९ मध्ये तिथे १३ लाख ८३ हजार पर्यटक आले, कमाई सुमारे ६,३०० कोटी मॉरिशस रुपये, म्हणजे पावणेदोनशे ते एकशेऐंशी कोटी डॉलर. जीडीपीच्या बारा-तेरा टक्के. पण निवास आणि खानपान सेवांचं मूल्यवर्धन सहा-सात टक्के. इथेही साधारण निम्मंच उरलं.

माझ्या स्वतःच्या हातून नोकरीच्या चौथ्या वर्षी नेमकी ही चूक झाली होती. एका तालुक्याच्या हॉटेलांची उलाढाल आणि दुसऱ्याचं मूल्यवर्धन मी एकाच रकान्यात बसवलं. वरिष्ठांनी तक्ता परत दिला तेव्हा एकच शब्द लिहिला होता: ‘निविष्टी?’ निविष्टी म्हणजे धंद्यात खर्ची पडलेला माल आणि सेवा, गाडीवरचे पोहे, तेल, गॅस असं सगळं. तो शब्द अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून सेवाक्षेत्राचा कोणताही आकडा हातात आला की मी आधी विचारतो, निविष्टी वजा झाल्या का?

या दोन देशांचे पर्यटक मोजतानाही डोकी मोजून थांबू नकोस, रात्री मोज. २०१९ मध्ये मालदीवचा सरासरी मुक्काम सहा-साडेसहा रात्रींचा होता, मॉरिशसचा दहा-साडेदहा. गुणून बघितलं तर पर्यटक मालदीवला जास्त आले, पण रात्री मॉरिशसमध्ये जास्त काढल्या गेल्या: एकीकडे एक कोटी दहा लाखांच्या आत, दुसरीकडे दीड कोटीच्या जवळ. कमाईला रात्रींनी भाग. मालदीवला एका रात्रीमागे पावणेतीनशे ते तीनशे डॉलर येतात, मॉरिशसला दीडशेच्याही खाली. कारण उघड आहे. मालदीवमध्ये १९७२ साली पहिलं रिसॉर्ट उघडलं तेव्हापासून एक बेट, एक रिसॉर्ट अशी रीत पडली. पाहुणा बेटावर उतरला की पाण्याच्या बाटलीपासून जेवणापर्यंत सगळं तिथल्याच भावाने घेतो. मॉरिशसला येणारा एखादा पाहुणा शेजारच्या रेयुनियन बेटावरून येतो, फ्रान्समधून नातेवाइकांकडे येतो, भाड्याच्या घरात राहतो, बाजारात जाऊन भाजी आणतो. त्याचा पैसा हॉटेलच्या ओळीत कमी आणि किरकोळ व्यापार, वाहतूक, घरभाडं अशा ओळींत जास्त पसरतो. म्हणून फक्त हॉटेलची ओळ बघून मॉरिशसचं पर्यटन छोटं ठरवू नकोस.

व्यापाराचा उल्लेख आलाच आहे, तर दुकानाचं उत्पादन म्हणजे विक्री नव्हे, हे लक्षात ठेव. इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याने एक लाखाची साखर विकली आणि त्याला ती सत्त्याण्णव हजारांना पडली होती, तर त्याच्या सेवेचं उत्पादन तीन हजार. साखर त्याने बनवलेली नाही.

बँकांचं गणित याच जातीचं आहे, आणि मॉरिशसमध्ये ते फार मोठं आहे. २०१९ मध्ये तिथे वित्त आणि विमा सेवांचा वाटा अकरा-बारा टक्के होता, हॉटेलांहून बराच जास्त. हे अपघाताने झालेलं नाही. १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञांनी मॉरिशसची पाहणी करून निराशेचा अहवाल दिला होता: लोकसंख्या वाढतेय, ऊस सोडून काही नाही, भविष्य अवघड. १९६८ ला देश स्वतंत्र झाला, १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा (म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा) कायदा आला, कापडाचे कारखाने उभे राहिले. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी परदेशी व्यवहारांसाठी बँका सुरू झाल्या, १९९२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. आणि २००५ च्या सुमारास कापडाचा आंतरराष्ट्रीय कोटा संपला, युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवायला घेतला, तेव्हा त्या देशाने राजधानी पोर्ट लुईजवळच्या एबेनमध्ये सायबर सिटी उभारून ठेवलेली होती. ऊस, कापड, बँका, संगणक असा एकेक पाय वाढवत गेलेला हा देश आहे. मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. कोकणातून एकोणिसाव्या शतकात करारावर मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची पुढची पिढी आज तिथे राहते, शाळेत मराठी शिकते. ऊसमळ्यातल्या अशा श्रमातून पुढच्या बऱ्याच गोष्टींना भांडवल मिळालं.

इथे तुझ्या प्रकल्पात एक मोठा खड्डा येण्याचा संभव आहे. एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांत कर लागू नये म्हणून भारताशी १९८२ साली झालेल्या करारामुळे मॉरिशसमार्गे भारतात गुंतवणुकीचा पूर लोटला होता, कित्येक वर्षं परकी गुंतवणुकीत मॉरिशसचं नाव पहिलं असे. मे २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरच्या भांडवली नफ्यावर भारतात कर लागू लागला. पण लक्षात घे, तो वाहून गेलेला पैसा मॉरिशसचं सेवा-उत्पादन नव्हे. एखादी पतसंस्था सहा टक्क्यांनी ठेवी घेते आणि दहा टक्क्यांनी कर्ज देते. तिचं उत्पादन त्या मधल्या फरकातून येतं, वाटलेल्या कर्जाच्या रकमेतून नाही. तसंच मॉरिशसमध्ये कंपनी नोंदवायची फी, हिशेब तपासणी, वकील, कार्यालयं, बँकेची व्याजातली तफावत, एवढंच त्या देशाचं मूल्यवर्धन. नदीतून पाणी कोटीने वाहतं, नावाड्याची कमाई पलीकडे नेण्याच्या भाड्याएवढी.

सेवांच्या ओळीत आणखी एक गोष्ट असते जी विद्यार्थ्यांना खटकते. धरमपेठेत तुमचं स्वतःचं घर असेल आणि तुम्हीच त्यात राहत असाल, तरी राष्ट्रीय हिशेबात त्या घराचं भाडं धरतात. तुम्ही स्वतःलाच निवाऱ्याची सेवा देता, असं मानून. मालदीवची राजधानी माले हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एक आहे, जागा मिळत नाही, भाडी भयंकर चढी. त्यामुळे तिथल्या ‘स्थावर मालमत्ता’ या ओळीत अशा मानीव भाड्याची रक्कम मोठी दिसते. ती कमाई कुणाच्या हातात आलेली नसते. तुझ्या तुलनेत ही ओळ वेगळी दाखव आणि एकदा ती वगळूनही बेरीज करून बघ.

बांधकाम हे सेवांत धरायचं नाही. मालदीवमध्ये समुद्रात भराव टाकून हुलहुमालेसारखी बेटं वसवली गेली, काम दिसायला प्रचंड, पण आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते उद्योगात बसतं. मासेमारी शेतीच्या गटात, मासे डबाबंद करणं कारखानदारीत. वीज आणि पाणीसुद्धा उद्योगातच. ठोक-किरकोळ व्यापारापासून खाली शेवटपर्यंतच्या ओळी म्हणजे सेवा. दोन्ही देशांच्या तक्त्यात हे स्वतः बोट ठेवून तपास.

आता कराची बाब, कारण वाट्याचा तिढा इथेही आहे. क्षेत्रांचं मूल्यवर्धन मूळ किमतीला मोजतात, त्यात मालावरचा कर नसतो. जीडीपी मात्र बाजारभावाला, कर धरून. मालदीवमध्ये पर्यटनावर वेगळा वस्तू-सेवा कर आहे. २०११ मध्ये साडेतीन टक्क्यांनी सुरू झाला, २०१४ च्या शेवटी बारा झाला, जानेवारी २०२३ पासून सोळा आणि जुलै २०२५ पासून सतरा टक्के. समज, एका वर्षी रिसॉर्टमध्ये काहीच बदललं नाही, तेवढेच पाहुणे, तेवढाच भाव, फक्त कर वाढला. जीडीपीची रक्कम वाढेल, सेवांचं मूल्यवर्धन तेवढंच राहील, आणि सेवांचा वाटा घसरलेला दिसेल. म्हणून वाटा काढायचाच असेल तर छेदात जीडीपी घेऊ नकोस, एकूण मूल्यवर्धन घे. तसं केलंस तर मालदीव ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि मॉरिशस पंचाहत्तर-सत्याहत्तर येईल.

चलनाचंही बघ. मालदीवचा रुफिया २०११ पासून डॉलरला १५.४२ च्या जवळ बांधलेला आहे. मॉरिशसचा रुपया मोकळा आहे. २०१९ मध्ये डॉलरला साडेपस्तीस होते, २०२३ मध्ये पंचेचाळीसच्या आसपास. डॉलरमधली मालिका काढलीस तर मॉरिशसच्या सेवा मंदावल्यासारख्या दिसतील, आणि ती घसरण निव्वळ विनिमय दराची असेल. वाढीची तुलना ज्याच्या त्याच्या चलनात, स्थिर किमतीला कर, म्हणजे सगळी वर्षं एकाच वर्षाच्या भावाने मोजून. डॉलर फक्त एका वर्षाच्या आकारासाठी वापर. क्रयशक्तीनुसार, म्हणजे दोन देशांतल्या महागाईतला फरक काढून, बदललेले आकडे वापरायचा मोह होईल. इथे मी ते टाळतो. ते आकडे तिथल्या रहिवाशांच्या बाजारहाटावरून बेतलेले असतात, आणि मालदीवची मुख्य सेवा रहिवासी विकत घेतच नाहीत. ती परदेशी माणूस जागतिक भावाने घेतो.

स्थिर किमतीचं महत्त्व नागपूरकराला सांगायला नको. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सीताबर्डी, रामदासपेठेतल्या हॉटेलांचे भाव कुठल्या कुठे जातात. खोल्या तेवढ्याच, खाटा तेवढ्याच. उलाढाल फुगते, पण त्यातली बरीचशी फूग भावाची असते.

वर्षाचं विचारलंस. एक वर्ष घेऊ नकोस, २०१९, २०२० आणि २०२१ ही तिन्ही शेजारी शेजारी मांड. मालदीवने २७ मार्च २०२० ला पर्यटकांसाठी दार लावलं आणि १५ जुलैला उघडलं. त्या वर्षी साडेपाच लाख पर्यटक आले आणि जीडीपी सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. मॉरिशसने मार्चमध्ये सीमा बंद केल्या आणि पूर्णपणे उघडायला १ ऑक्टोबर २०२१ उजाडला. तिथे २०२० मध्ये तीन लाख नऊ हजार पर्यटक आले, जीडीपी पंधरा टक्क्यांच्या जवळपास घसरला. आता २०२१ बघ. मालदीवला तेरा लाखांवर पर्यटक परतले आणि अर्थव्यवस्था एका उडीत वर आली. मॉरिशसला आले फक्त एक लाख ऐंशी हजार, म्हणजे २०२० हूनही कमी. तरीही त्या वर्षी मॉरिशसचा जीडीपी तीन टक्क्यांहून थोडा अधिक वाढला. हॉटेलं रिकामी होती, पण बँका, हिशेब तपासणाऱ्या कंपन्या, एबेनमधली कार्यालयं घरून चालू होती. सेवाक्षेत्र कशाकशाचं बनलंय हे वाट्याच्या एका आकड्यातून दिसत नाही, या तीन ओळींत लख्ख दिसतं. तुझ्या प्रकरणाचा कणा हाच तक्ता होऊ दे.

जागा उरली तर २०२४ ची एक नोंद घाल. जानेवारीत भारत-मालदीव वाद पेटला, आपल्याकडे बहिष्काराची हाक दिली गेली. २०२३ मध्ये दोन लाखांवर भारतीय तिथे गेले होते आणि यादीत पहिले होते, २०२४ मध्ये ते सुमारे एक लाख तीस हजारांवर आले. पण एकूण पर्यटक त्या वर्षी वीस लाखांच्या वर गेले, चिनी पाहुण्यांनी ती जागा भरून काढली. मात्र त्यावरून ‘मालदीवला काही फरक पडला नाही’ असं लगेच लिहू नकोस. भारतीय पाहुणा किती रात्री राहतो, रिसॉर्टमध्ये राहतो की २००९-१० नंतर वस्तीच्या बेटांवर सुरू झालेल्या गेस्टहाऊसमध्ये, हे देशवार तक्त्यांतून आधी काढ, मग रात्रींनी गुण.